पावडरचा पंप आणि आपल्या श्वासाचा जोर



"पंप घेते, पण गुण येत नाही," ही तक्रार वस्तीत नेहमी ऐकू येते. मग औषध बदलते, खर्च वाढतो, नाहीतर पंपच कोनाड्यात पडून राहतो. भरे गावासारख्या मुळशीच्या ओल्या पट्ट्यात पावसाळ्यात दमेकऱ्यांची धाप वाढते. विहारात वर्षावासाच्या कार्यक्रमाला येणारे ज्येष्ठ चार पायऱ्यांवर थांबतात. म्हणून या वेळी आम्ही कॅप्सूल फोडून ओढायच्या पंपाविषयी लिहीत आहोत.

फवाऱ्याच्या पंपात औषध बाहेर ढकलायला गॅस असतो. पावडरच्या पंपात तसे काही नसते. तिथे आपला श्वासच गॅसचे काम करतो. औषधाचे बारीक कण दुधातल्या साखरेच्या मोठ्या कणांना चिकटलेले असतात. जोरात ओढले की ते सुटतात. फुप्फुसात खोल जायला कण पाच मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागापेक्षा, लहान हवा. श्वास कमी पडला तर कण सुटत नाहीत, घशावर आपटतात आणि पोटात जातात. बहुतेक यंत्रांना मिनिटाला निदान ३० लिटर वेगाने हवा ओढावी लागते. अनेक यंत्रांत ६० च्या आसपास औषध चांगले सुटते.

लहान मुले, वयस्क माणसे आणि जुनाट धापेचे रुग्ण यांना एवढा जोर येईलच असे नाही. हा त्यांचा आळस नव्हे. धाप फक्त विडी ओढणाऱ्यांनाच लागते असेही नाही. तेव्हा पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेल्या डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये हेच मांडले. चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या आपल्या आया-बहिणी त्यातल्याच.

पंप घेताना हे करा :

- कॅप्सूल कधीही गिळू नका.
- आधी यंत्रापासून तोंड बाजूला करून श्वास सोडा. यंत्रात फुंकले तर पावडर ओली होऊन गुठळी धरते.
- ओठ घट्ट मिटा आणि पहिल्या क्षणापासून जोरात, खोल ओढा. सावकाश ओढणे ही फवाऱ्याच्या पंपाची रीत आहे. इथे ती चालत नाही.
- जमेल तितका, दहा आकड्यांपर्यंत, श्वास रोखा.
- कॅप्सूल पाहा. पावडर उरली असेल तर पुन्हा ओढा.
- स्टेरॉइडचे औषध असेल तर चूळ भरून थुंका.
- कॅप्सूल कोरड्या डब्यात ठेवा. धुतलेले यंत्र पूर्ण वाळल्याशिवाय वापरू नका.

एवढे करूनही गुण नसेल, तर पंप घेऊन डॉक्टरांकडे जा. त्यांच्यासमोर ओढून दाखवा आणि विचारा, "माझा श्वास या यंत्राला पुरतो का?" ओढण्याचा जोर मोजायचे छोटे साधन मिळते. फुंकून पाहायचे पीक फ्लो मीटर वेगळे. ते सोडलेला श्वास मोजते. जोर कमी असेल तर स्पेसर लावून फवाऱ्याचा पंप किंवा नेब्युलायझर असा मार्ग आहे. मात्र शेजाऱ्याचे पाहून यंत्र बदलू नका. प्रत्येक यंत्राला लागणारा जोर वेगळा असतो.

शेवटची गोष्ट घरातल्या सर्वांसाठी. दम्याचा झटका आला की ओढण्याचा जोर आणखी घटतो, नेमकी तेव्हाच पावडर कमी पडू शकते. म्हणून झटक्यासाठी कोणते औषध आणि स्पेसर घरी ठेवायचे, हे डॉक्टरांना आजच विचारून घ्या. एक वाक्यही सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळे पडत असतील, तर वाट पाहू नका. १०८ला फोन करा.