‘गोळ्या कोणत्या चालू होत्या?’

घरातलं माणूस अत्यवस्थ झालं की आपण गाडी करून धुळ्याला धावतो. देवपूरचा खाजगी दवाखाना असो, नाहीतर भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, आयसीयूच्या दाराशी डॉक्टर विचारतात, ‘‘आजींना गोळ्या कोणत्या चालू होत्या?’’ आणि आपण म्हणतो, ‘‘काही नाही हो, गुडघ्याच्या साध्या.’’ आज त्या साध्या गोळ्यांबद्दल बोलू.

आपल्या दोन्ही किडन्यांवर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते. तिला अ‍ॅड्रिनल म्हणतात. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. तिच्यातून कॉर्टिसॉल नावाचा रस रक्तात उतरतो. मोठा ताप, जंतुसंसर्ग, ऑपरेशन असं संकट आलं की निरोगी ग्रंथी हा रस वाढवते, रक्तदाब आणि साखर सावरून धरते. ती कमी पडली तर सलाईनवर सलाईन चढतं, पण दाब काही वर येत नाही.

हे ओळखायचं कसं? एरवी सकाळी आठच्या सुमाराला रक्त घेतात, कारण तेव्हा कॉर्टिसॉल जास्त असतं. अत्यवस्थ माणसाच्या शरीराला सकाळ-संध्याकाळ उरत नाही, म्हणून कोणत्याही वेळी घेतात. आकडा १० मायक्रोग्रॅमच्या खाली आला तर संशय धरतात. दुसऱ्या तपासणीत ग्रंथीला जागं करणारं इंजेक्शन देऊन अर्ध्या तासाने आणि तासाने पुन्हा रक्त घेतात. आकडा ९ नेसुद्धा वाढला नाही, तर ग्रंथी पुरी पडत नाही असा अंदाज. अंदाजच म्हणायचं, कारण कॉर्टिसॉल बहुतेक प्रथिनांना चिकटून फिरतं आणि आजारात प्रथिनं घटली की आकडा उगाच कमी दिसतो. म्हणून दाब कोसळलेला असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोन सुरू करतात. ‘रिपोर्ट आला नाही अन् इंजेक्शन कसं दिलं?’ असं म्हणून भांडू नये.

आकडा फसवतो तिथे आपला शब्द कामी येतो. गुडघेदुखीवर, दम्यावर मिळणाऱ्या बिननावाच्या पुडीत किंवा गोळीत पुष्कळदा स्टेरॉईड असतं. दोन दिवसांत दुखणं पळतं, म्हणून बाई तीच पुडी महिनोन् महिने घेते. बाहेरून आयता रस मिळाला की ग्रंथी स्वतःचं काम सोडते. मग पैसे संपले म्हणून पुडी अचानक बंद होते आणि त्यात ताप येतो. पुडीचं नाव ठाऊक नसेल तर उरलेली पुडीच डॉक्टरांच्या हातात द्या. लाजू नका, ते रागावले तरी चालेल.

आणखी एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो, कारण ती फक्त बायांची आहे. बाळंतपणात फार रक्त गेलं तर मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी रक्तावाचून सुकू शकते. अ‍ॅड्रिनलला कामाला लावणारी हीच. शीहान नावाच्या डॉक्टरांनी १९३७ साली हे मांडलं, म्हणून याला शीहान सिंड्रोम म्हणतात. अशा बाईला दूध येत नाही, पाळी परत येत नाही, काखेतले केस जातात, सारखी थंडी वाजते. घरात म्हणतात, बाळंतपणात खचली. ती वर्षानुवर्षं तशीच राबते आणि एखाद्या जुलाबाच्या दुखण्यात थेट आयसीयूत जाते. वीस वर्षांपूर्वीचं बाळंतपण कोण सांगणार? सासूबाई, जाऊबाई, तुम्हीच. पूर्वी क्षयरोग झाला असेल तर तेही सांगा, त्यानेही अ‍ॅड्रिनल निकामी होऊ शकते.

डॉक्टरांनी लिहून दिलेलं स्टेरॉईड मात्र हे ऐकून आपल्या मनाने बंद करू नका. ते कमी करायचं तर डॉक्टरांच्या सांगण्याने, हळूहळू. रोज ही गोळी घेणाऱ्या बाईला उलट्या सुरू झाल्या आणि गोळी पोटात ठरेना, तर उद्यावर ढकलू नका. १०८ ला फोन लावा आणि गोळ्यांचं पाकीट सोबत घ्या.