उकड्या तांदळाचं पाणी

गोंदिया-भंडाऱ्याकडच्या काही भातगिरण्यांत उकडा तांदूळ होतो. धान तासन्‌तास गरम पाण्यात भिजवायचं, मग वाफ द्यायची. मागं उरतं पिवळसर, आंबूस वासाचं पाणी. त्यात स्टार्च, साखर, फिनॉलं उतरलेली. ‘धान्याचंच तर पाणी’ म्हणून ते उघड्यावर सोडलं, की फसगत होते. एवढं आयतं खाद्य मिळाल्यावर मातीतले जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि प्राणवायू संपवतात. पिकाची मुळं गुदमरतात. पाणी मुरतच राहिलं तर चिकट थरानं मातीची छिद्रं बुजतात. खणलं की काळी, कुजक्या अंड्यासारखी घाण मारणारी ढेकळं निघतात. हा भुर्दंड शेजारच्या शेतकऱ्यानं सोसणं अन्यायाचं आहे. कारण हेच पाणी बंद टाकीत कुजवलं तर बायोगॅस मिळतो, आणि तो गिरणीतच जाळता येतो.