फेक हाताची, दिशा शेपटाची

मुंबईच्या मरोळमध्ये हाताने फेकायचा रेडिओ-कंट्रोल ग्लायडर बनवता येतो, उडवता येत नाही. सहारचं टर्मिनल-२ तिथून हाकेच्या अंतरावर आहे आणि २०२१ च्या ड्रोन नियमांत रिमोटवर चालणारं मॉडेल, मोटर असो वा नसो, मानवरहित विमानच ठरतं. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत मोकळीक. त्याच्या आत परवानगीशिवाय काही नाही. शिवाय ड्रोन, रिमोटवरची छोटी विमानं, पॅराग्लायडर यांच्यावर मुंबई पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघत असतात. म्हणजे बाल्साचं हलकं लाकूड घासायचं घरच्या टेबलावर आणि फेकायला गाठायचा कर्जतकडचा माळ, तोही ड्रोनसाठीच्या नकाशावर हिरवा, म्हणजे मोकळीक असलेला, भाग पाहून. इतक्या लांब जाऊन पहिल्याच फेकीत ग्लायडर कोलांटी मारून जमिनीत घुसला, तर दोष बहुधा हाताचा नसतो. तो टेबलावरच राहून गेलेला असतो, आणि बहुतेक वेळा शेपटात.

पंखांचं कौतुक सगळेच करतात. भाल्यासारख्या सरळ फेकीच्या ग्लायडरमध्ये खरी परीक्षा मात्र शेपटाची होते, आणि त्याचं कारण साध्या गणितात आहे. असा ग्लायडर तरंगतो सेकंदाला सुमारे ६ मीटरने. जोरकस फेकीत तोच २४ मीटरने सुटतो. वेग चौपट, पण हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे सोळापट. संथ तरंगताना नाक नेमकं सावरून धरणारा शेपटाचा बारीकसा कोन या वेगात नाक झटक्याने वर उचलतो. तीच गोष्ट उभ्या फिनची. चिकटवताना ती जराशी तिरकी बसली, तर संथ उड्डाणात कळतही नाही. फेकताना ग्लायडर त्याच बाजूला वळतो.

यावर सोपा वाटणारा उपाय म्हणजे नाकात आणखी शिसं भरणं. तो उलटा पडतो. नाक जड झालं की ते वर धरायला शेपटाचा कोन आणखी वाढवावा लागतो आणि फेकीतली उसळी वाढते. तोल मागे सरकवला तर कोन कमी लागतो, फेक सरळ जाते. मात्र फार मागे गेला की ग्लायडर स्वतःला सावरणंच विसरतो. या दोहोंमधली जागा शोधणं हेच इथलं कसब. मोठं शेपूट लांब बूमवर, म्हणजे पंखांपासून मागे जाणाऱ्या दांडीवर, बसवलं की ही जागा ऐसपैस होते, पण त्याची किंमत वजनात मोजावी लागते. शेपूट तोलबिंदूच्या ७० सेंटिमीटर मागे आणि शिसं २५ सेंटिमीटर पुढे असेल, तर शेपटातल्या प्रत्येक ग्रॅमला नाकात २.८ ग्रॅम घालावे लागतात. म्हणून शेपटाचा बाल्सा कागदासारखा हलका निवडतात, पॉलिश पेपरने घासून आणखी उतरवतात आणि शेपटाची पाती हलवणारे सर्व्हो पुढे नाकात बसवतात. तिथून शेपटापर्यंत जाड तार नेण्याऐवजी एकच दोरा जातो; उलट्या बाजूने छोटी स्प्रिंग ओढून धरते. वजन वाचतं आणि जोडणीत ढिलाईही राहत नाही. बूम मात्र ताठ हवी. मऊ बूम वेगात वाकते आणि नेमकी गरज असते तेव्हाच शेपटाचा प्रभाव कमी होतो.

सरळ फेकीच्या काळात व्ही-शेपूट लोकप्रिय होतं, आणि ते योग्यच होतं. दोनच पाती, जोड कमी, उतरताना गवतात अडकण्याची भीती कमी. दोन पात्यांमध्ये ११० अंशांचा कोन ठेवला तर त्यांच्या क्षेत्रफळाचा सुमारे दोन तृतीयांश भाग एलेव्हेटरच्या, म्हणजे नाक वर-खाली करण्याच्या, कामी येतो आणि एक तृतीयांश रडरच्या, म्हणजे डावी-उजवीकडे वळवण्याच्या. ९० अंश ठेवला तर निम्मा-निम्मा. दोन्ही हुकूम एकत्र करून पात्यांना देण्याचं काम ट्रान्समीटर करतो.

मग २००० सालाच्या आसपास थाळीफेक आली. पंखाच्या टोकाला खुंटी, ती बोटांत धरून गिरकी घ्यायची आणि सोडून द्यायचं. जागतिक हवाई क्रीडा महासंघाच्या एफ३के वर्गात आज हीच पद्धत चालते. पंखांची लांबी १५०० मिलिमीटरपर्यंत, वजन ६०० ग्रॅमपर्यंत. या फेकीत सुटताच ग्लायडर आडवा हिसका खातो, म्हणून फिन बूमच्या वर आणि खाली अशी दोन्हीकडे वाढली, नाहीतर बूम पिळली जाते. व्ही-शेपूट मागे पडलं. एमआयटीचे प्राध्यापक मार्क ड्रेला यांचा ‘सुपरजी’ हा थाळीफेकीचा ग्लायडर याच काळातला. माणसाच्या पायांच्या ताकदीवर १९८८ साली क्रीटहून सँटोरिनीपर्यंत उडालेल्या ‘डेडॅलस’ या विमानाच्या रचनेतही ड्रेलांचा वाटा होता. त्यांनी आपल्या छोट्या ग्लायडरांचे आराखडे सर्वांसाठी खुले ठेवले, हे त्यांचं फार मोठं देणं आहे.

थाळीफेकीने खांदे वाचवले, उंचीही वाढवली. तरी शिकायला सरळ फेकच उत्तम, कारण ती शेपटाचा प्रत्येक दोष लगेच दाखवते. पवईच्या आयआयटीतला एरोमॉडेलिंग क्लब असो की एनसीसीच्या हवाई शाखेतले कॅडेट, सुरुवात हाताने सोडायच्या साध्या ग्लायडरनेच करावी. मुंबईच्या मुलांना सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडे चेंडू फेकायची सवय असते, आणि तीच इथे आड येते. त्या फेकीत हात अंगावरून आडवा जातो, मनगट शेवटी वळतं. ग्लायडरला हे चालत नाही. पंखाखाली, तोलबिंदूजवळ पकड, पंख समतल, दोन-चार पावलांची धाव, आणि हात शेवटपर्यंत लक्ष्याच्या रेषेत. बोटं उशिरा सुटली तर नाक खाली जातं, लवकर सुटली तर वर.

सगळं जमलं तर उंची किती मिळेल? हवेचा अडथळा सोडला, तर सेकंदाला २० मीटरच्या फेकीला सुमारे २० मीटर, ३० मीटरच्या फेकीला ४६. दीडपट वेग, सव्वादोनपट उंची. म्हणूनच वाकड्या शेपटाने खाल्लेला थोडासा वेगही जाणवतो.

माळावर पोचल्यावर मात्र थेट पूर्ण ताकदीने फेकायचं नाही. आधी गवतावर, वाऱ्याच्या तोंडाला, हलकेच सोडून पाहायचं. मग थोडी उंची मिळाली की उथळ सूर मारून ट्रान्समीटरची काठी मोकळी सोडायची. ग्लायडर जोरात वर उसळला तर नाक जड आहे: शिसं थोडं काढायचं, एलेव्हेटर केसभर खाली. सूर आणखी खोल होत गेला तर शेपूट जड आहे, तेव्हा ताबडतोब काठी ओढायची आणि नाकात थोडं शिसं घालायचं. हळूहळू वर येत सरळ झाला तर आता दोन पावलं धावून फेकायला हरकत नाही.