आवळणं ठाऊक, सोडणं नाही

मूर्तिजापूरचे माझे एक काका दोन वर्षांपूर्वीच्या लग्नसराईत कुठल्याच मांडवात दिसले नाहीत. पाय दुखतात, असा निरोप काकू देत. खरं कारण काकांनी मला अंगणात सांगितलं, तेही आजूबाजूला कोणी नाही हे बघून. “प्रोस्टेटच्या ऑपरेशनपासून उठलो की थेंब सुटते बा. पाहुण्यांत कसं बसू? मले वाटलं, ऑपरेशन झालं म्हणजे असंच रायते.”

असंच राहत नाही. निदान ‘असंच राहणार’ असं धरून बसण्याचं कारण नाही. गुडघ्यासाठी फिजिओथेरपिस्टकडे जाणाऱ्या काकांना या दुखण्यासाठीही त्याच विद्येची मदत मिळते, हे कुणी सांगितलंच नव्हतं. अकोला-अमरावतीकडे फिजिओथेरपी म्हणजे मशीनचा शेक आणि मानेचा पट्टा, असाच सर्वसाधारण समज आहे. शिवाय ‘पेल्व्हिक फ्लोअर’, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, हा शब्द कानावर आलाच, तर तो बाळंतिणीच्या संदर्भात. पुरुषाला असं काही असतं, याचाच पत्ता नसतो.

या समजाला एक इतिहास आहे. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये बाळंतपणानंतर लघवी सुटणाऱ्या स्त्रियांसाठी हे स्नायू आवळण्याचे व्यायाम मांडले. ते त्यांच्याच नावानं जगभर गेले, आणि विषय बायकांचा ठरला. पण शरीरात हा स्नायूंचा पडदा दोघांनाही असतो. पुढे जांघेच्या मधल्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखा तो ताणलेला असतो. मूत्राशय आणि गुदाशय त्याच्यावर टेकतात. लघवी आणि शौच रोखणं, वेळ आली की वाट मोकळी करून देणं, लिंगाच्या ताठरतेत रक्त धरून ठेवायला मदत करणं आणि वीर्य बाहेर ढकलणं ही त्याची कामं. दंडाच्या बेडकीसारखाच हा आपल्या इच्छेनं हलणारा स्नायू आहे. तो सैल पडतो, तसाच तो आखडतोही. सगळा घोळ या दुसऱ्या गोष्टीपाशी होतो.

आधी काकांचं. प्रोस्टेटचं ऑपरेशन म्हटलं की सगळे एकच समजतात, पण ती दोन वेगळी ऑपरेशनं आहेत. वाढलेल्या गाठीसाठी दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशनमध्ये ग्रंथीचा आतला भाग खरवडतात. त्यानंतर गळती झालीच, तर ती बहुतेकदा थोड्या आठवड्यांची असते. कॅन्सरसाठी मात्र पूर्ण ग्रंथी काढावी लागते. तिच्यासोबत मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली आतली झडप जाते, आणि रोखण्याचं सगळं ओझं खालच्या स्नायूंवर येतं. त्यांना ते काम शिकवावं लागतं. शिकवायची उत्तम वेळ ऑपरेशनच्या आधीची असते. नंतर लघवीची नळी असेपर्यंत हे व्यायाम करायचे नसतात. नळी निघाली की सुरू करायचे.

इथे भाबडेपणाही नको. ब्रिटनमध्ये प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर गळती राहिलेल्या पुरुषांवर एक मोठा अभ्यास झाला आणि २०११ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये आला. एका गटाला समोरासमोर बसवून व्यायाम शिकवले, दुसऱ्या गटाला नेहमीचीच देखभाल दिली. पूर्ण ग्रंथी काढलेल्यांत वर्षानंतरही पहिल्या गटात ७६ टक्के आणि दुसऱ्यात ७७ टक्के पुरुषांना थोडीफार गळती होतीच. म्हणजे नुसते व्यायाम म्हणजे जादू नव्हे. पण या आकड्यांवरून ‘काही उपयोग नाही’ असं मी म्हणणार नाही. ऑपरेशनआधी शिकलेल्यांना पहिल्या काही महिन्यांत लवकर फरक पडतो, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. वर्षानंतरही जे खूप भिजतात त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचे पर्याय आहेत. गोधडीखाली लपवण्यासारखं यात काहीच नाही.

आता तो आखडण्याचा, मोठा घोळ. ‘काहीही त्रास असो, केगल करा’ हा सल्ला मोबाइलवर गावोगाव पोचला आहे, आणि त्यानं कित्येकांचं दुखणं वाढतं.

पंचविशी-तिशीतला माणूस डोळ्यांसमोर आणा. दिवसभर दुकानाच्या खुर्चीवर नाहीतर मोटरसायकलवर. अंडकोषांच्या मागे शिवणीच्या जागी ठणका लागतो, बसलं की वाढतो. लघवी थांबून थांबून होते, झाली तरी मोकळं वाटत नाही. वीर्य गेल्यावर जळजळ होते. त्याला ‘प्रोस्टेटला सूज’ सांगतात, अँटिबायोटिकचा एक कोर्स होतो, मग दुसरा, मग तिसरा. तपासणीत जंतू निघत नाहीत. असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की वैद्यकात त्याला ‘क्रॉनिक पेल्व्हिक पेन सिंड्रोम’ म्हणतात, आणि प्रोस्टेटची सूज म्हणून ज्यांच्यावर उपचार होतात त्यांतले बहुतांश पुरुष या जंतूविना गटातलेच असतात. त्यांच्यातल्या पुष्कळांचा हा तळाचा स्नायू कमजोर नसतो, मुठीसारखा आवळून बसलेला असतो. दुखतं म्हणून भीती, भीतीमुळे आणखी आवळणं, आवळल्यामुळे आणखी दुखणं. अशा माणसानं दिवसाला शंभरदा आवळण्याचा व्यायाम केला तर काय होईल, ते सांगायला नको.

त्याला हवं असतं सोडायला शिकणं. श्वास पोटात घेतला की छाती आणि पोट यांच्यामधला पडदा खाली उतरतो आणि त्याच्यासोबत ओटीपोटाचा तळही हलकेच खाली सैल होतो. पाठीवर पडून, गुडघे वाकवून, पोटावर हात ठेवून संथ श्वास घेणं हा पहिला धडा. मग मांड्या आणि नितंब मोकळे करणारे ताण. आखडलेल्या गाठी फिजिओथेरपिस्ट बाहेरून, आणि रुग्णाची संमती असेल तर हातमोजा घालून गुदद्वारातून दाबून सोडवतात. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत अशा दुखण्याचे ४७ स्त्री-पुरुष होते. नेमक्या गाठींवर काम केलेल्यांपैकी ५७ टक्क्यांना चांगला फरक पडला, सर्वांगाचा मसाज केलेल्यांपैकी २१ टक्क्यांना. चाचणी लहान होती, पण दिशा स्पष्ट आहे.

मला वाटतं, ही गोष्ट अमरावतीला सगळ्यांत आधी समजायला हवी होती. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी इथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकानं तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. मल्लखांबावर चढणाऱ्या पोराला उस्ताद पहिल्या आठवड्यातच सांगतो, नुसती पकड शिकू नको, वेळेवर सोडणंही शिक. ज्या गावाला हे स्नायूंचं शहाणपण शंभर वर्षांपासून ठाऊक आहे, तिथे कंबरेखाली आलं की ‘घट्ट तेवढं चांगलं’ असं का धरलं जातं? लंगोट करकचून बांधल्यानं हा स्नायू बळकट होत नाही, लंगोट फक्त बाहेरून आधार देतो. मूळबंधाचंही तसंच. योगातली ही क्रिया जाणत्याकडून, श्वासाचं भान ठेवून शिकावी. पण ठणका असलेल्यानं ‘मूळबंध लावला की बरं वाटेल’ म्हणून तासन्‌तास आवळून बसू नये.

याच तरुणांना आणखी एक गोष्ट खाते, ती म्हणजे ‘धातू जाते’ ही धास्ती. कुंथताना किंवा लघवीसोबत थोडा पांढरट स्राव येतो, आणि गडी समजतो की अंगातली ताकद वाहून चालली. भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे. डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये त्याला ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिलं. अशा स्रावानं शक्ती जात नाही. भीतीनं मात्र झोप जाते, भूक जाते आणि तळाचा स्नायू आखडतो. रेल्वे रुळांकडेच्या भिंतींवर ‘गुप्तरोग, हमखास इलाज’ म्हणून रंगवलेलं असतं. कामशक्ती वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी भिंती बोलतच राहतात आणि पोरं पैसे घालवत राहतात. याचा मला मनापासून राग येतो.

ताठरतेच्या तक्रारीत या व्यायामांचा उपयोग होतो का? काहींना होतो. ग्रेस डोरी या ब्रिटिश फिजिओथेरपिस्टच्या अभ्यासात ५५ पुरुष होते. सहा महिन्यांनी ४० टक्क्यांची ताठरता पूर्ववत झाली, साधारण ३५ टक्क्यांची सुधारली, बाकीच्यांना फरक पडला नाही. पण चाळिशीनंतर ही तक्रार आली तर आधी साखर आणि रक्तदाब तपासा. ती हृदयाच्या रक्तवाहिन्यांची पहिली चाहूल असू शकते.

लघवी करून आल्यावर पायजम्यात दोन-चार थेंब पडणं हे पुष्कळदा आजारपण नसतंच. मूत्रनलिकेला खाली वळण असतं, तिथे थोडी लघवी अडकते. झाल्यावर अंडकोषांच्या मागे बोटांनी हलकेच दाबून पुढे सरकवलं की ती निघून जाते. एवढंच.

वऱ्हाडात उन्हाळ्याचा वेगळा विचार करावा लागतो. पारा ४५ च्या पुढे जातो, शेतात पाण्याची वानवा, खारपाणपट्ट्यात पाणीच खारट. ‘उन्हाळी लागली’ म्हणून धण्याचं पाणी पितो ते ठीक, पण गळती होते म्हणून मुळातच पाणी कमी पिणारे लोक मी पाहिले आहेत. त्यानं लघवी गडद होते, मूत्राशय चिडतं आणि घाई वाढते. शिवाय बद्धकोष्ठ होतं, आणि कुंथण्याचा भार पुन्हा त्याच स्नायूवर पडतो.

योग्य स्नायू कसा ओळखायचा? वारा रोखून धरतो तसं गुदद्वार आत ओढा, आणि लिंगाचं मूळ आत खेचलं जातं का, अंडकोष किंचित वर उचलले जातात का ते बघा. पोट, मांड्या, नितंब ढिले, श्वास चालू. काही सेकंद धरायचं, मग तितकाच किंवा त्याहून जास्त वेळ पूर्ण सोडायचं. लघवीची धार अधूनमधून थांबवण्याचा सराव करायचा नाही, त्यानं मूत्राशय नीट रिकामं होत नाही. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. पण आपला स्नायू सैल आहे की आखडलेला, हे आधी तपासून घ्यायचं.

त्यासाठी मूत्ररोगतज्ज्ञ आधी. अमरावतीकर ‘इर्विन’ किंवा ‘सुपर स्पेशालिटी’त जाईल, अकोलेकर ‘सर्वोपचार’मध्ये. लघवीतून रक्त, थंडी वाजून ताप, लघवी पूर्ण तुंबणं, अंडकोषात अचानक तीव्र कळ, मांड्यांच्या आतल्या बाजूची आणि बैठकीची जागा बधिर होणं, यातलं काहीही झालं तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून तातडीनं दवाखाना गाठा. एरवी मूत्ररोगतज्ज्ञानं तपासलं की मग फिजिओथेरपिस्टला थेट विचारा, पुरुषांच्या पेल्व्हिक फ्लोअरवर काम करता का? सगळेच करत नाहीत. आतून तपासणी नको असेल तर नाही म्हणता येतं. बाहेरून आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर बघूनही बरंच शिकवता येतं.

काकांना हे शिकायला काही महिने लागले. पूर्ण कोरडे झाले असं नाही, खिशात एक पॅड अजून असतं. पण उठण्याआधी, खोकण्याआधी तळाचा स्नायू क्षणभर आत घ्यायचा ही युक्ती त्यांच्या अंगवळणी पडली आहे. परवा दर्यापूरच्या लग्नात ते पंगतीत माझ्या शेजारी बसले होते. ठसका लागायच्या आधी अर्धा क्षण थांबले. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग जिलेबी वाढणाऱ्याला त्यांनी परत बोलावलं.