जुळे कार्ब्युरेटर जुळवताना

जुनी मोटारसायकल सिग्नलला थांबली की थरथरते, मधूनच बंद पडते. रस्ता मोकळा मिळाला की मात्र सुरळीत धावते. दोन सिलिंडर आणि दोन कार्ब्युरेटर असलेल्या गाड्यांत या तक्रारीचे कारण अनेकदा साधे असते. दोन्ही कार्ब्युरेटर आपापल्या सिलिंडरला सारखी हवा देत नसतात.

आपल्याकडचे याचे ठळक उदाहरण म्हणजे एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या ‘आरडी ३५०’वरून १९८३ मध्ये आणलेली ‘राजदूत ३५०’. टू-स्ट्रोक, ३४७ सीसीचे इंजिन, प्रत्येक सिलिंडरला वेगळा कार्ब्युरेटर आणि वेगळा सायलेन्सर. या गाडीवर जीव टाकणारे आजही आहेत. पनवेलला लागून असलेल्या करंजाडेसारख्या नव्या वसाहतीत मात्र बंगल्याचे अंगण नसते. इमारतीखालचे पार्किंग हेच गॅरेज होते. रविवारच्या ट्युनिंगमध्ये आरोग्याचा प्रश्न शिरतो तो इथे.

आधी बिघाड समजून घेऊ. कार्ब्युरेटरमध्ये वर-खाली सरकणारी स्लाइड हवेची वाट उघडते. गाडी स्लोवर असताना ही फट अगदी लहान असते. समजा, एका बाजूला ती दोन मिलिमीटर आहे आणि दुसऱ्या बाजूला दीड. म्हणजे दुसऱ्या सिलिंडरची वाट सुमारे पाव हिश्शाने अरुंद झाली. तोच अर्ध्या मिलिमीटरचा फरक स्लाइड वीस मिलिमीटर वर गेल्यावर अडीच टक्क्यांवर येतो. म्हणून वेगात दोष लपतो आणि सिग्नलला उघडा पडतो. एक सिलिंडर ओढतो, दुसरा फरफटतो, आणि त्या ओढाताणीचा कंप हँडलमधून मनगटापर्यंत पोहोचतो.

अशा वेळी गाडी बंद पडू नये म्हणून काही जण मिश्रणात पेट्रोल वाढवतात. हा उपाय महागात पडतो. पेट्रोल जास्त आणि हवा कमी झाली की ज्वलन अर्धवट राहते आणि धुरात कार्बन मोनॉक्साइड वाढतो. म्हणून मिश्रणाला हात लावण्याआधी दोन्ही कार्ब्युरेटर जुळवायला हवेत.

त्याचा क्रम ठरलेला आहे. दोन्ही कार्ब्युरेटर स्वच्छ हवेत, प्लग चांगले हवेत आणि रबरी जोडांतून हवा गळता कामा नये. मग इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढायचा. दोन्ही स्लाइडखाली एकाच मापाच्या ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा ठेवून स्क्रूने त्यांची उंची सारखी करायची. त्यानंतर केबलचे अ‍ॅडजस्टर असे बसवायचे की मूठ फिरवताच दोन्ही स्लाइड एकाच क्षणी हलल्या पाहिजेत. फिल्टर परत बसवला की इंजिन गरम करून, दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखेच फिरवत स्लो सेटिंग करायचे. जुने मेकॅनिक दोन्ही सायलेन्सरमागे थोड्या अंतरावर तळवे धरून धक्के सारखे आहेत का, हे ताडतात. राजदूत ३५० मध्ये मुठीची हीच केबल ऑइल पंपालाही जोडलेली असते. त्यामुळे शेवटी पंपाची खूणही जुळवावी लागते; नाहीतर तेल कमी पडून इंजिन जाम होऊ शकते किंवा जास्त जाऊन धूर वाढतो.

फोर-स्ट्रोक जुळ्या इंजिनांत दोन्ही बाजूंचा हवेचा दाब मोजून हेच काम करतात. त्यासाठीची जुनी उपकरणे पाऱ्याची असत. पारा सांडला तर त्याची विषारी वाफ घरात रेंगाळते. असे उपकरण हाती आलेच, तर ते वापरू नये; डायलचे गेज पुरेसे असते.

खरा धोका इंजिन सुरू केल्यावरचा आहे. ३१ मार्च २००० पूर्वी बनलेल्या दुचाकीला पीयूसी चाचणीत, स्लोवर असताना, ४.५ टक्के कार्बन मोनॉक्साइडची मुभा आहे. म्हणजे धुराच्या दहा लाख भागांत ४५ हजार भाग. हवेत याच वायूचे १,२०० भाग झाले तरी जिवाला तत्काळ धोका मानला जातो. उघड्यावर धूर पटकन विरतो. बंद शटरच्या गाळ्यात किंवा भिंतींनी वेढलेल्या पार्किंगमध्ये तो साचतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही पहिली लक्षणे. ती उन्हाची किंवा उपाशीपोटाची म्हणून सोडून दिली जातात. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूने भरलेले वाटते आणि आकडा ९८ दिसू शकतो. साध्या हवेत रक्तातील या वायूचे प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. रुग्णालयात शुद्ध प्राणवायू दिल्यास साधारण तासा-दीड तासात ते होते.

म्हणून ड्रिल बिटचे आणि केबलचे काम पार्किंगमध्ये खुशाल करावे. किक मारण्याआधी गाडी ढकलत उघड्यावर न्यावी. सायलेन्सरची तोंडे कुणाच्या खिडकीकडे नसावीत. मुलांना जवळ उभे करू नये. कुणाला गरगरले, तर इंजिन बंद करून त्याला मोकळ्या हवेत न्यावे आणि १०८ ला फोन करावा. काम संपल्यावर पीयूसी केंद्रात स्लोवरचा आकडा पाहावा. दोन्ही सायलेन्सरच्या आकड्यांत मोठी तफावत दिसली, तर जुळवाजुळव अजून बाकी आहे.