योग्यतेचा दाखला

गतवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या शाळेने बेळगावच्या पश्चिमेकडील खेड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक वापरलेली व्हॅन विकत घेण्याचे योजिले. गाडी दिसावयास छान होती. रंग नवा, आसने नवी, आणि इंजिनाचा आवाजही गोड. विकणाऱ्या गृहस्थांनी योग्यतेचे प्रमाणपत्र टेबलावर ठेवले. त्याची मुदत संपण्यास अद्याप सात महिने अवकाश होता. "सरकारने पास केलेली गाडी आहे सर, आता आणखी काय पाहायचे?" असे ते हसत म्हणाले.

तथापि मुख्याध्यापकांनी आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांना, जे पंचवीस वर्षे गॅरेज चालवितात, बोलावून घेतले. मिस्त्रींनी गाडी खड्ड्यावर चढविली, हातात बॅटरी घेतली आणि ते खाली उतरले. अर्ध्या तासाने वर येऊन त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगास ब्रेक ऑइलचा ओलावा होता. पुढच्या एका टायरची आतली कड पार गोटा झाली होती. आणि चेसिसच्या एका भागास वरून काळा रंग होता खरा, पण स्क्रू-ड्रायव्हरने टोचताच तो खपलीसारखा फुटून टोक आत गेले.

हे ऐकून नववीच्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, मग तो दाखला खोटा होता का?" प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर साधे नाही. तेच येथे देण्याचा यत्न करतो.

प्रथम हा दाखला म्हणजे काय ते पाहू. आपल्या देशातील १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५६ व्या कलमान्वये, मालाची अथवा भाड्याने प्रवाशांची वाहतूक करणाऱ्या वाहनास आणि शाळेच्या बसला योग्यतेचे प्रमाणपत्र असावेच लागते. ते नसेल तर त्या वाहनाची नोंदणीच वैध मानली जात नाही. वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी ही परीक्षा द्यावी लागते. आपण बोलताना ज्याला 'पासिंग' म्हणतो ते हेच.

अशा तपासणीचा इतिहासही बोधप्रद आहे. ब्रिटनमध्ये जुन्या गाड्यांची सक्तीची तपासणी १९६० मध्ये सुरू झाली. आरंभी ती दहा वर्षांहून जुन्या गाड्यांपुरती होती आणि तीत ब्रेक, स्टिअरिंग व दिवे एवढेच पाहिले जाई. १९६७ पर्यंत ही मर्यादा तीन वर्षांवर आली. परंतु टायरांची तपासणी मात्र १९६८ मध्ये तीत समाविष्ट झाली. म्हणजे तत्पूर्वीची काही वर्षे, टायर झिजून गुळगुळीत झालेली गाडीही त्या परीक्षेत रीतसर उत्तीर्ण होऊ शकत होती! यावरून पहिला धडा असा की, परीक्षेत जे विचारले जाते त्याचेच उत्तर मिळते. जे विचारलेच नाही त्याविषयी प्रमाणपत्र मौन असते.

दुसरी मर्यादा काळाची आहे. दाखला सांगतो तो त्या एका दिवसापुरता. मार्च महिन्यात घेतलेली परीक्षा जून महिन्यातील ज्ञानाची हमी देत नाही, हे विद्यार्थ्यांना मी सांगावयास नको! चाकातील रबरी वायसर तपासणीच्या दुसऱ्या दिवशीही गळू लागू शकतो. शिवाय कोणी तपासणीपुरते चांगले टायर मागून आणून बसविले आणि नंतर परत केले, तर कागदाला त्याचा पत्ता कसा लागावा?

तिसरी मर्यादा तपासण्याच्या पद्धतीची. केवळ डोळ्यांनी पाहणारा निरीक्षक कितीही प्रामाणिक असला तरी ब्रेक ड्रमच्या आतले त्यास दिसत नाही. म्हणून फिरत्या रुळांवर चाके ठेवून प्रत्येक चाकाचा ब्रेक किती जोराने धरतो हे वेगवेगळे मोजणारी यंत्रे वापरतात. आपल्याकडे स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले ते याच हेतूने. यंत्र भीड बाळगत नाही. तथापि रंगाखालचा गंज शोधावयास अद्यापि माणसाचा हात व चिकित्सक नजरच लागते.

आता वापरलेल्या व्हॅनमध्ये वारंवार आढळणारे दोष क्रमाने पाहू.

पहिला मान अर्थातच ब्रेकांचा. गाडीचा वेग दीडपट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर सव्वादोनपट होते, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चांगल्या ब्रेकांनी कोरड्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी सुमारे १० मीटरांत थांबत असेल, तर ६० च्या वेगास सुमारे २३ मीटर लागतील. ब्रेकांची शक्ती निम्मी झाली, तर हीच अंतरे दुप्पट होतात. एका बाजूच्या लायनरवर ऑइल गळले असेल, तर दोन्ही बाजूंची चाके सारख्या जोराने धरत नाहीत आणि गाडी एका अंगास ओढली जाते.

ब्रेक ऑइलची आणखी एक खोड ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ते हवेतील ओलावा शोषून घेते. 'डॉट ३' जातीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. पण पुरेसा ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. चोर्ला किंवा आंबोली घाट उतरताना सतत ब्रेक दाबल्याने चाके तापतात, ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि द्रव दाबला जात नसला तरी वाफ दाबली जात असल्यामुळे पेडल पोकळ होऊन खाली जाते. सपाट मैदानातील चार मिनिटांच्या चाचणीत हा दोष प्रकट होत नाही. तो घाटातच प्रकट होतो!

दुसरा दोष टायरांचा. मोटारीच्या टायरवरील खाचांची खोली १.६ मिलिमीटरहून कमी असता कामा नये. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. टायरचा पृष्ठभाग झिजून त्यांच्या पातळीस आला की टायरचे आयुष्य संपले असे समजावे. ह्या खाचा पावसाचे पाणी बाजूस सारतात. त्या नसल्या म्हणजे चाक आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर राहून चाक घसरते. केवळ आतली कड झिजली असेल, तर चाकांचे अलाइनमेंट बिघडले आहे किंवा एखादा सांधा सैल झाला आहे, असे अनुमान करता येते.

तिसरा दोष स्टिअरिंगचा. बॉल जॉइंट आणि टाय रॉडची टोके यांवरील रबरी टोप्या फाटल्या की आत धूळ व पाणी शिरते आणि सांधे झिजतात. स्टिअरिंगचे चाक किंचित हलविताच पुढची चाके हललीच पाहिजेत.

चौथा दोष गंजाचा. आपल्या भागातील चिखल चेसिसच्या कोपऱ्यांत महिनोन्‌महिने ओला राहतो, आणि गोव्याच्या किनाऱ्यावर त्यात खारी हवा भर घालते. पोकळ भाग आतून गंजत जातात, म्हणून बाहेरून सर्व ठीक दिसते. जुन्या गाडीच्या तळाला ताजा काळा रंग दिसला, तर आनंद मानण्याऐवजी शंका घ्यावी.

पाचवा दोष दिव्यांचा. हा दुरुस्तीस सर्वांत स्वस्त, पण नापास होणाऱ्या गाड्यांत नेहमी दिसणारा. ब्रेक दाबल्यावर मागचा दिवा लागतो की नाही हे चालकास आसनावर बसून दिसत नाही. त्यासाठी दुसरे कोणी मागे उभे राहावे लागते.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर. तो दाखला खोटा असेलच असे नाही. टायर आणि ब्रेक त्या दिवशी ठीक असतीलही. गंज मात्र पाच महिन्यांत उगवलेला नव्हता. तो पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटला असावा. दाखला खरा असला तरी तो पुरेसा नव्हता, एवढे निश्चित.

शाळेने ती गाडी घेतली नाही. तीन आठवड्यांनी दुसरी, दिसावयास साधी पण अंगाने धडधाकट अशी गाडी मिस्त्रींच्या संमतीने घेतली. चालक काका रोज सकाळी पेडल, टायर व दिवे पाहून वहीत नोंद करतात, आणि ब्रेकचा दिवा पाहण्याचे काम विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने वाटून घेतले आहे. श्रावणात एके दिवशी पेडल नेहमीपेक्षा खोल जात असल्याचे काकांस जाणवले. त्यांनी गाडी जागची हलविली नाही. चौदा मुले त्या दिवशी एस.टी.ने, दोन तास उशिरा, भिजत घरी पोहोचली. दुसऱ्या दिवशी काही पालक तक्रार घेऊन आले. मुख्याध्यापकांनी त्यांच्यापुढे ती वही ठेवली. ती वाचून त्यांतील एक आजोबा चालक काकांकडे वळून एवढेच म्हणाले, "बरे केलेत."