मदत कुणाच्या नावावर आली?
लेखमाला : साथ आणि पोटापाण्याचा प्रश्न – लेखांक ६

अंजूर हे भिवंडी तालुक्यातलं गाव. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत मोलाची साथ देणाऱ्या गंगाजी नाईकांचं गाव म्हणून इतिहासाला ते ठाऊक आहे. आज बाहेरच्यांना हा परिसर माहीत असतो तो अंजूर फाट्यामुळे. इकडे भिवंडी शहराचे यंत्रमाग आणि तिकडे माणकोली, राहनाळ, काल्हेर, कशेळीपर्यंत पसरलेली गोदामं. माग चालवणारा कारागीर, कांड्या भरणारी बाई, व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देणारा छोटा मागवाला, गोदामातला हमाल, टेम्पोवाला, नाक्यावरचा चहावाला आणि या सगळ्यांना खोल्या भाड्याने देणारं गावातलं कुटुंब, अशा सगळ्यांची पोटं या पट्ट्यावर चालतात.

२४ मार्च २०२०च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि या सगळ्यांची कमाई एकाच दिवशी थांबली. सरकारने काहीच केलं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. दोनच दिवसांनी केंद्राने १ लाख ७० हजार कोटी रुपयांची गरीब कल्याण योजना जाहीर केली. मे महिन्यात छोट्या उद्योगांसाठी ३ लाख कोटींची कर्ज हमी आली. तरीही अंजूर फाट्यावर यातलं कुणाच्या हाती काय पडलं, हे समजून घ्यायचं असेल तर या सगळ्याला सरसकट 'मदत' म्हणून चालणार नाही. त्यात दिलेली, पुढे ढकललेली, कर्जाऊ आणि ज्याची त्यालाच परत केलेली असे चार वेगवेगळे प्रकार होते.

दिलेली मदत

खऱ्या अर्थाने दिलेली गोष्ट म्हणजे धान्य. अन्नसुरक्षा योजनेतल्या रेशनकार्डांवर माणशी दरमहा ५ किलो धान्य फुकट मिळालं आणि त्याने असंख्य चुली पेटत्या ठेवल्या. पण भिवंडीतल्या कितीतरी कारागिरांची रेशनकार्डं उत्तर प्रदेशात, बिहारमध्ये, तेलंगणात, गावाकडच्या घरी होती. माणूस इथे आणि त्याचं धान्य तिथे. कार्ड नसलेल्या स्थलांतरितांना माणशी ५ किलो धान्य आणि कुटुंबाला १ किलो चणे देण्याचा निर्णय मेच्या मध्यावर झाला. तोवर भिवंडीहून गोरखपूरकडे श्रमिक गाडी सुटली होती आणि नाशिक महामार्गाने माणसं पायी निघाली होती.

राज्य सरकारने १३ एप्रिल २०२१ला, दुसऱ्या लाटेच्या निर्बंधांसोबतच ५,४७६ कोटींची मदत जाहीर केली. निर्बंध आणि मदत एकाच भाषणात आली, ही चांगली सुधारणा होती. शिवभोजन थाळी महिनाभर मोफत झाली. नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरकामगार, फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकी १,५०० रुपये देण्याचं ठरलं. यातले 'नोंदणीकृत' आणि 'परवानाधारक' हे दोन शब्द लक्षात ठेवावेत. दुसऱ्याची रिक्षा पाळीने चालवणाऱ्याकडे परवाना नसतो. यंत्रमाग कामगाराचं नाव तर या यादीत नव्हतंच.

पुढे ढकललेली देणी

रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते आधी तीन महिने आणि मग ३१ ऑगस्ट २०२०पर्यंत लांबवण्याची मुभा दिली. 'हप्ते माफ झाले' असा अनेकांचा समज झाला, पण माफ काहीच झालं नव्हतं. त्या सहा महिन्यांचं व्याज चालूच राहिलं. पुढे सरकारने २ कोटींपर्यंतच्या कर्जांवर चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक भरला. मार्च २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या काळातल्या व्याजावर व्याज कुणाकडूनच घेऊ नये, असा निकाल दिला. मूळ व्याज मात्र कर्जदाराच्याच अंगावर राहिलं. विजेचं तसंच झालं. राज्य वीज नियामक आयोगाने उद्योग आणि व्यापारी ग्राहकांचा स्थिर आकार तीन बिलांपुरता पुढे ढकलला. माग बंद असताना तो भरावा लागला नाही, पण माग सुरू झाल्यावर भरणं भाग होतं. श्वास घ्यायला अशी सवड लागतेच. फक्त ती मिळकत नव्हे, हे हिशेब मांडताना विसरू नये.

कर्जाऊ मदत

कर्ज हमी योजनेत सरकारच्या हमीवर बँकेकडून तारणाशिवाय नवं कर्ज मिळत होतं. २९ फेब्रुवारी २०२०ला जेवढं कर्ज शिल्लक असेल, त्याच्या २० टक्के. व्याजाला कमाल मर्यादा होती आणि पहिलं वर्ष मुद्दल भरायचं नव्हतं. ज्याचा बँकेशी व्यवहार होता, त्याला या पैशाने सावरलं. पण मजुरीने कापड विणणारा छोटा मागवाला चालतो व्यापाऱ्याच्या सुतावर आणि व्यापाऱ्याच्याच उचलीवर. बँकेत त्याचं कर्जच नाही, आणि शून्याचे २० टक्के शून्यच होतात.

फेरीवाल्यांसाठी १ जून २०२०ला स्वनिधी योजना आली. १० हजारांचं भांडवल आणि वेळेवर फेडल्यास व्याजात ७ टक्के सवलत. ही योजना शहरातल्या विक्रेत्यांची होती. अंजूरचा माणूस भिवंडी महापालिकेच्या हद्दीत गाडी लावत असेल तर तिथल्या शिफारशीवर पात्र ठरे, पण ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या वाटेवर तोच चहा विकणारा त्यात बसत नव्हता.

आपलेच पैसे

भविष्यनिर्वाह निधीतून तीन महिन्यांच्या पगाराइतकी किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यांपैकी कमी असेल ती रक्कम काढता येत होती. हे म्हातारपणाचे पैसे आज खाणं होतं. कर्मचारी विमा योजनेत काम गेलेल्याला सरासरी मजुरीच्या निम्मी रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळू शकत होती, अट किमान दोन वर्षं विमाधारक असण्याची. गोदामांतल्या कंत्राटी कामगाराचं नाव कंत्राटदाराने या खात्यांत घातलं असेल तरच हे दार उघडत होतं. १९६९च्या माथाडी कायद्याने मंडळाकडे नोंद झालेल्या हमालाची मजुरी आणि निधी कागदावर असतो. शेजारच्याच गोदामात बिननोंदीचा लोडर तेच ओझं उचलतो, पण त्याच्या नावाने कुठेच काही जमा नसतं.

बंद काळात पूर्ण पगार द्यावा, असा आदेश केंद्राने २९ मार्च २०२०ला काढला होता. तो १८ मेपासून मागे घेतला गेला. मीटरवर मजुरी मिळवणाऱ्या कारागिराला 'पूर्ण पगार' म्हणजे किती, याचं उत्तर तर त्या आदेशातही नव्हतं. ब्रिटनमध्ये सरकारने घरी बसलेल्यांच्या पगाराचा ८० टक्क्यांपर्यंतचा भार दीड वर्ष उचलला. तिथे प्रत्येक नोकरदाराच्या पगाराची नोंद करखात्याकडे आधीपासून होती. नोंद होती म्हणूनच पैसे थेट पोचवता आले.

हक्क हवा

मागच्या लेखांकात आपण १८९७चा साथरोग कायदा पाहिला. मुंबईतल्या प्लेगच्या वेळी केलेल्या त्या चार कलमांत बंद करण्याचा अधिकार आहे, बंदमुळे उपाशी राहणाऱ्याबद्दल चकार शब्द नाही. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या १२व्या कलमात उपजीविका पुन्हा उभी करण्यासाठीच्या साह्याचा उल्लेख आहे, पण कुणाला किती आणि किती दिवसांत, हे ठरलेलं नाही.

महाराष्ट्राने याहून चांगलं करून दाखवलेलं आहे. १९७२च्या दुष्काळाच्या अनुभवातून १९७७चा रोजगार हमी कायदा उभा राहिला आणि तोच विचार २००५मध्ये देशाच्या कायद्यात गेला. २०२०मध्ये भिवंडीहून गावी परतलेला कारागीर तिथे कायद्याने काम मागू शकत होता. ज्या शहरात त्याने उमेदीची वर्षं घालवली, तिथे मात्र त्याला असा कोणताच हक्क नव्हता. माझ्या मते साथीच्या काळातली सर्वांत मोठी उणीव ही आहे. मदत जाहीर करणं सरकारच्या मर्जीवर राहिलं आणि ती मिळणं कागदावर. साथीत काम बंद झाल्यास शहरी कामगाराला ठरावीक दिवसांत ठरावीक रक्कम देणारा कायदा राज्याने करायला हवा.

तो होईपर्यंत आपल्या हातात आहे तेवढं करू. छोट्या कारखानदारांनी उद्यम नोंदणी करावी. ती विनामूल्य आहे, दलालाला पैसे देऊ नका. निधी किंवा विम्यात नाव नसलेल्या १६ ते ५९ वयाच्या कामगारांनी ई-श्रमवर नाव घालावं. ज्यांच्या पगारातून निधीची कपात होते, त्यांनी ती खात्यात जमा होते का, हे स्वतः तपासावं. मागवाल्यांनी कारागिरांचं हजेरीपुस्तक आणि मजुरीचा हिशेब लेखी ठेवावा. ग्रामपंचायतींनी गावात भाड्याने राहणाऱ्या कामगारांची यादी करून ती दरवर्षी तपासावी. पुढची साथ कधी येईल ते सांगता येत नाही. ती येईल तेव्हा यादीत आपलं आणि आपल्याकडे राबणाऱ्यांचं नाव असेल, एवढी तजवीज या महिन्यातच करा.